शब्दांच्या आधीचा संवाद: तान्हे बाळ न बोलता सांगायला कसे शिकते

बाळाच्या रडण्याचा आवाज फोनला ऐकवला की काही क्षणांत 'भूक लागली आहे', 'झोप आली आहे' किंवा 'पोट दुखते आहे' असे उत्तर देणारी अनेक ॲप्स आता उपलब्ध आहेत, आणि त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव जोडले गेल्यापासून त्यांच्या जाहिरातींचा सूर अधिकच ठाम झाला आहे. रात्री तीन वाजता कडेवरचे मूल काही केल्या शांत होत नसताना असे एखादे उत्तर मिळावे, असे कोणत्याही आईवडिलांना वाटेल आणि त्यात वावगे काहीच नाही. मात्र या ॲप्सच्या मुळाशी एक समजूत आहे. बाळाची स्वतःची एक तयार भाषा असते, तिच्यातील प्रत्येक आवाजाला ठरलेला अर्थ असतो आणि आपल्याला फक्त तिचा शब्दकोश मिळायला हवा, अशी ती समजूत. गेल्या 50 वर्षांतील संशोधनातून दिसणारे चित्र याहून वेगळे आणि माझ्या मते कितीतरी विलक्षण आहे. बाळाजवळ जन्मतः काही आवाज असतात, काही हालचाली असतात आणि माणसांची विलक्षण ओढ असते. त्या आवाजांना आणि हालचालींना अर्थ येतो तो बाळ आणि त्याला सांभाळणारी माणसे महिनोन्‌महिने एकमेकांना उत्तरे देत राहतात त्यातून.

हे कसे घडते, ते जन्माच्याही थोडे आधीपासून पाहू.

कळणे आणि सांगणे

आभाळात काळे ढग दाटून आले की पाऊस येणार हे आपल्याला कळते, पण ढगांनी ते आपल्याला सांगितलेले नसते. घरातील कोणी 'छत्री घेऊन जा' असे म्हणते तेव्हा मात्र ते सांगितलेले असते, कारण आपल्याला ते समजावे हा बोलणाऱ्याचा हेतू असतो आणि आपण ऐकले नाही तर तो पुन्हा सांगतो. नवजात बाळाचे रडणे ढगांच्या अधिक जवळचे आहे. शरीरात काहीतरी बिनसले की ते आपोआप येते आणि ऐकणाऱ्याला त्यावरून काहीतरी कळते. त्याच बाळाने साधारण वर्षभरानंतर खिडकीतल्या पक्ष्याकडे बोट दाखवून आपल्याकडे वळून पाहणे हे 'छत्री घेऊन जा' या वाक्याच्या जवळचे आहे. त्यात समोरच्याला काही कळावे असा हेतू आहे, ते कळले की नाही याची खात्री करून घेणे आहे आणि न कळल्यास पुन्हा प्रयत्न करणे आहे. अभ्यासक याला हेतुपूर्वक संवाद म्हणतात. पहिल्या वर्षातील सगळा प्रवास या दोन टोकांमधला आहे, आणि तो शब्दांशिवाय पार पडतो.

पोटात असतानाच सुरू झालेले ऐकणे

गर्भाचे कान गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत काम करू लागलेले असतात. गर्भाशयातून पोहोचणारा आवाज म्हणजे शेजारच्या खोलीतले बोलणे भिंतीपलीकडून ऐकू यावे तसा असतो. शब्द स्पष्ट होत नाहीत, पण कोण बोलते आहे, आवाज चढतो आहे की उतरतो आहे आणि बोलण्याची लय कोणती, हे जाणवते. 1980 मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी जेमतेम काही दिवसांच्या बाळांच्या तोंडात एक बोंडले दिले आणि चोखण्याच्या लयीनुसार कधी त्यांच्या आईचा, तर कधी दुसऱ्या बाईचा आवाज ऐकू येईल अशी व्यवस्था केली. बाळांनी आपले चोखणे असे बदलले की त्यांना आईचा आवाज अधिक ऐकू यावा. पुढे 1986 मध्ये डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गरोदर स्त्रियांना शेवटच्या सहा आठवड्यांत एकच उतारा रोज मोठ्याने वाचायला सांगितला, तेव्हा जन्मलेल्या बाळांना अनोळखी उताऱ्यापेक्षा तोच उतारा अधिक रुचला. शब्दांचा अर्थ त्यांना अर्थातच कळत नव्हता. ओळख होती ती चालीची.

ही ओळख कानापुरती राहत नाही. कॅथलीन वेर्मके आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 30 फ्रेंच आणि 30 जर्मन नवजात बाळांच्या रडण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढत जाणारा, तर जर्मन बाळांचा वरून खाली उतरणारा अधिक आढळला, आणि त्या त्या भाषेतील बोलण्याचा ढंगही तसाच आहे. आठवड्याभराच्या आतले मूल आपल्या घरच्या भाषेच्या चालीवर रडते, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

डोळ्यांची तयारी त्या मानाने कमी असते. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचे सर्वांत बरे दिसते, आणि मांडीवर घेतलेल्या बाळापासून घेणाऱ्याचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. त्या अंधूक दृष्टीतही चेहरा त्याला इतर आकारांपेक्षा अधिक खेचतो. तेरेसा फारोनी आणि सहकाऱ्यांच्या 2002 मधील अभ्यासात, दोन ते पाच दिवसांची बाळे नजर दुसरीकडे वळवलेल्या चेहऱ्यापेक्षा सरळ आपल्याकडे पाहणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे, याची दखल घेणे इतक्या लवकर सुरू होते.

रडण्यातून नेमके काय कळते

आता ॲप्सच्या दाव्याकडे येऊ. फ्रान्समधील एका संशोधकगटाने 24 बाळांचे पहिल्या चार महिन्यांतील जवळजवळ 40,000 रडण्याचे आवाज ध्वनिमुद्रित करून 2023 मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. रडण्याच्या आवाजावरून कोणते बाळ रडते आहे हे ओळखता येत होते आणि वयाचाही काहीसा अंदाज बांधता येत होता. परंतु ते का रडते आहे, भूक म्हणून, एकटे वाटते म्हणून की अस्वस्थ आहे म्हणून, हे नुसत्या आवाजावरून ना संगणकाला खात्रीने सांगता आले, ना माणसांना. रडण्यावरून कळते ती मुख्यतः निकड. वेदनेच्या रडण्यात आवाज कर्कश आणि अनियमित होतो, आणि लहान मुले सांभाळण्याचा अनुभव असलेल्या माणसांना तो फरक अधिक चांगला ओळखता येतो. त्यापलीकडे रडणे हे दारावरच्या घंटेसारखे आहे. घंटा कोणीतरी आले आहे हे सांगते, जोरजोरात वाजली तर घाई आहे हेही सांगते, पण कोण आले आहे हे दार उघडल्यावरच कळते.

'पण आईला तर बरोबर कळते', असे यावर कोणी म्हणेल. खरेच कळते, आणि म्हणूनच तिला ते कसे कळते हे नीट पाहायला हवे. शेवटचे दूध केव्हा पाजले, बाळ किती वेळ जागे आहे, कालही याच सुमारास ते असेच किरकिरले होते, उचलल्यावर ते छातीकडे तोंड वळवते आहे की डोळे चोळते आहे, या सगळ्यांची जुळणी सांभाळणारी व्यक्ती क्षणात करते, आणि ती इतक्या सहज होते की उत्तर रडण्यातूनच मिळाले असे वाटते. फोनपाशी यांपैकी जवळजवळ काहीच नसते. शिवाय काही आठवड्यांच्या बाळाला वारंवार भूक लागत असल्याने 'भूक' हे उत्तर कोणीही दिले, तरी ते पुष्कळदा बरोबरच येणार.

दुसरी शंका लाडावण्याची. रडले की उचलले तर मुलाला सवय लागते, असे सांगणारे पुष्कळ असतात. मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, ज्या आया पहिल्या महिन्यांत रडण्याला लगेच प्रतिसाद देत होत्या, त्यांची बाळे वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती आणि इतर मार्गांनी आपले म्हणणे अधिक चांगले पोहोचवत होती. नंतरच्या सगळ्या अभ्यासांनी हा निष्कर्ष तसाच्या तसा उचलून धरलेला नाही, हे सांगायला हवे. परंतु पहिल्या काही महिन्यांतले बाळ कोणाला वाकवण्यासाठी बेत करून रडत नाही, कारण असा बेत करण्यासाठी लागणारी समजच त्याला अजून आलेली नसते.

येथे एक गोष्ट थोडी बाजूला जाऊन सांगतो, कारण ती जिवाशी निगडित आहे. बहुतेक बाळांचे रडणे जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास सर्वाधिक होते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. या काळात सगळे उपाय करूनही बाळ कधीकधी शांत होत नाही, आणि त्यात सांभाळणाऱ्याची काहीही चूक नसते. सहनशक्ती संपत आली आहे असे वाटले तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून काही मिनिटे दूर जावे किंवा दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावे. त्याला गदागदा हलवणे मात्र कधीही होऊ देऊ नये, कारण त्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते किंवा मृत्यूही ओढवू शकतो.

पाळीपाळीने चालणारे बोलणे

सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास बाळ समोरच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते. झोपेत ओठांवर उमटणारे हसू त्याआधीही दिसते, पण हे हसू माणसासाठी असते. याच सुमारास गळ्यातून 'अगूं', 'आऽ' असे मऊ हुंकार येऊ लागतात. मोठे माणूस काही बोलते आणि थांबते, बाळ हुंकार देते, मोठे माणूस 'हो का, मग काय झाले?' असे विचारते आणि पुन्हा थांबते. मेरी कॅथरिन बेटसन यांनी 1970 च्या दशकात अशा चित्रफिती बारकाईने तपासल्या, तेव्हा दोघांचे आवाज एकमेकांवर आदळण्याऐवजी बरेचदा आळीपाळीने येत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी याला जे नाव दिले त्याला मराठीत आदिसंवाद म्हणता येईल. शब्द एकही नाही, पण संभाषणाचा सांगाडा, म्हणजे तू बोल, मी ऐकतो, आता मी बोलतो, हा तयार होऊ लागलेला असतो.

यावर रास्त आक्षेप असा, की पाळी बाळ पाळतच नसेल. त्याच्या हुंकारांच्या मधल्या जागा मोठी माणसेच भरून काढत असतील. हे काही अंशी खरे आहे. पण लिन मरी आणि कॉल्विन ट्रेव्हार्थन यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने बाळाची बाजूही दाखवून दिली. सुमारे दोन महिन्यांची बाळे आणि त्यांच्या आया वेगवेगळ्या खोल्यांत बसून कॅमेऱ्याद्वारे एकमेकांना पाहत होत्या, आणि त्यांच्या गप्पा रंगत होत्या. मग बाळाला आईचे थोड्या वेळापूर्वीचेच ध्वनिचित्रमुद्रण पुन्हा दाखवले गेले. तोच चेहरा, तेच हसू, तोच लाडिक आवाज. फरक एवढाच, की आता आईचे हसणे बाळाच्या हालचालीला उत्तर म्हणून येत नव्हते. बाळे गोंधळली, नजर वळवू लागली, अस्वस्थ झाली.

एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1970 च्या दशकातला प्रयोग याहून साधा आणि पाहायला जड जाणारा आहे. आई काही मिनिटे बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि नंतर थोडा वेळ चेहरा पूर्ण निर्विकार ठेवून नुसती बाळाकडे पाहत राहते. बाळ आधी हसते. उत्तर येत नाही म्हणून पुन्हा हसते, आवाज काढते, हात पुढे करते, मोठी बाळे बोट दाखवतात. एवढे करूनही काही घडत नाही, तेव्हा ते तोंड फिरवते आणि अनेकदा रडू लागते. टाळी एका हाताने वाजत नाही हे आपण म्हणतो. दुसरा हात थांबला आहे हे काही महिन्यांच्या मुलाला कळते आणि तो पुन्हा यावा म्हणून ते आपल्याजवळचे सगळे उपाय करून पाहते. मला या प्रयोगातले रडणे जितके महत्त्वाचे वाटते, त्याहून त्याच्या आधीचे ते प्रयत्न अधिक महत्त्वाचे वाटतात.

मग प्रत्येक क्षणी अचूक उत्तर द्यायला हवे का?

वरचा प्रयोग वाचून आईवडिलांच्या मनात अपराधी भाव येण्याची शक्यता आहे. दिवसभरात आपण कितीदा फोन पाहतो, कितीदा थकून गप्प बसतो! त्यांच्यासाठी ट्रॉनिक यांचेच पुढचे काम वाचण्यासारखे आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सर्वसाधारण, आनंदाने वाढणाऱ्या बाळांचा त्यांच्या आयांबरोबरचा खेळ क्षणाक्षणाने तपासला, तेव्हा दोघांचा सूर जुळलेला असण्याचा वेळ जेमतेम 30 टक्क्यांच्या आसपास निघाला. उरलेल्या वेळात बाळाला काही वेगळेच हवे होते, आईचा अंदाज चुकला होता किंवा दोघांपैकी एकाचे लक्ष दुसरीकडे होते. नेहमी घडत होते ते असे, की बिघडलेला सूर थोड्याच वेळात पुन्हा जुळवला जात होता. बाळ कुरकुरले, आईने खुळखुळा बाजूला ठेवून त्याला कुशीत घेतले, ते शांत झाले. 'मी सांगितले, ते नीट पोहोचले नाही, मी वेगळ्या प्रकारे सांगितले, मग पोहोचले' हा अनुभव बाळाला याच दुरुस्तीतून मिळतो. सूर कधी बिघडलाच नसता, तर तो मिळाला नसता.

'त' आणि 'ट' यांची गोष्ट

इकडे कानही गप्प बसलेले नसतात. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. 'त' आणि 'ट' हे दोन वेगळे वर्ण आहेत हे आपल्याला सांगावे लागत नाही, परंतु केवळ इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला त्यांतला फरक ऐकूच येत नाही, असे पुष्कळदा घडते. वर्कर आणि टीस यांनी हिंदीतील हेच दंत्य आणि मूर्धन्य उच्चार इंग्रजी भाषक घरांतील बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी फरक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्या बाळांना तो ओळखता आला. ज्या घरांत हा फरक रोज कानांवर पडतो, तेथील बाळांची क्षमता मात्र शाबूत राहते. वर्षाच्या सुरुवातीला मूल जगातल्या अनेक भाषांसाठी कान उघडे ठेवून असते आणि वर्ष संपता संपता ते आपल्या घरच्या भाषेपुरती गाळणी लावते. हे नुकसान नसून नेमकेपणा आहे, कारण कामाचे फरक टिपण्यासाठी बिनकामाच्या फरकांकडे दुर्लक्ष करावेच लागते.

तोंडाचेही काम याच काळात सुरू होते. नवजात बाळाचे स्वरयंत्र घशात वर असते आणि जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, त्यामुळे स्पष्ट व्यंजने उच्चारणे त्याला शक्यच नसते. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरे असलेली बडबड सुरू होते. तिला अजून अर्थ नसतो. 'बाबा' ऐकून हरखलेल्या वडिलांना हे सांगणे जिवावर येते, पण ते खरे आहे. तरी त्यांचे हरखणे वाया जात नाही. मायकेल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये आठ महिन्यांच्या सुमाराची बाळे आणि त्यांच्या आया यांच्यावर प्रयोग केला. एका गटातील आयांना बाळाने आवाज काढताच हसायला, जवळ सरकायला आणि त्याला स्पर्श करायला सांगितले होते. दुसऱ्या गटातील आयांनीही हेच केले, पण बाळाच्या आवाजाशी त्याचा मेळ नव्हता. पहिल्या गटातील बाळांची बडबड थोड्याच वेळात अधिक स्पष्ट आणि शब्दांसारखी झाली. आयांनी एकही उच्चार शिकवला नव्हता. वेळेवर आलेले हसू आणि स्पर्श एवढेच पुरेसे ठरले.

समजण्याची सुरुवात बोलण्याच्या बरीच आधी होते, हेही येथे नोंदवायला हवे. एलिका बर्गेल्सन आणि डॅनियल स्विंग्ली यांनी 2012 मध्ये दाखवले, की सहा ते नऊ महिन्यांची बाळे खाण्याच्या काही वस्तूंची आणि शरीराच्या अवयवांची नावे ऐकल्यावर योग्य चित्राकडे अधिक वेळ पाहतात.

दोघांच्या मध्ये येणारी तिसरी गोष्ट

नऊ महिन्यांच्या आसपास एक मोठे वळण येते. त्याआधी बाळ माणसाशी खेळते किंवा वस्तूशी खेळते. आता ते माणसाबरोबर वस्तूकडे पाहू लागते. तू ते पाहतोस, मीही ते पाहतो आणि आपण दोघे ते पाहतो आहोत हे दोघांनाही ठाऊक आहे, या अवस्थेला सामायिक लक्ष म्हणतात. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट नसती, तर शब्द शिकणे अशक्यप्राय झाले असते, कारण 'चेंडू' हा आवाज ऐकताना बोलणारा चेंडूकडे पाहतो आहे, त्याच्या मागच्या भिंतीकडे नव्हे, हे कळले नाही तर नाव कशाला जोडायचे?

नजरेमागे नजर नेण्याची सुरुवात बाळे पहिल्या वर्षातच करतात, हे मायकेल स्केफ आणि जेरोम ब्रूनर यांनी 1975 मध्ये दाखवले. एक वर्षाची मुले याहून पुढे जातात आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून जगाविषयी माहिती काढतात. 1985 मधील एका प्रसिद्ध प्रयोगात बाळांना भक्कम काचेच्या पृष्ठभागावर ठेवले होते, आणि त्या काचेखाली मध्येच जमीन खचल्यासारखी दिसत होती. पलीकडे आई उभी होती. आईच्या चेहऱ्यावर आनंद असताना 19 पैकी 14 बाळे ती जागा ओलांडून गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती असताना 17 पैकी एकही गेले नाही. आईने तोंडातून शब्द काढला नव्हता.

आणि मग येते ते बोट. साधारण 11 ते 12 महिन्यांच्या सुमारास बाळ तर्जनी पुढे करून वस्तू दाखवू लागते. एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी 1975 मध्ये यातले दोन प्रकार वेगळे केले. एक मागणीचे बोट: ते मला दे. दुसरे दाखवण्याचे बोट: ते बघ! पहिल्यात माणूस हे वस्तू मिळवण्याचे साधन असते, दुसऱ्यात वस्तू हे माणसाशी जोडले जाण्याचे निमित्त असते. उल्फ लिस्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 12 महिन्यांच्या बाळांनी बोट दाखवल्यावर मुद्दाम निरनिराळे प्रतिसाद देऊन पाहिले. मोठ्या माणसाने नुसते वस्तूकडे पाहिले तर बाळांचे समाधान होत नव्हते, नुसते बाळाकडे पाहून कौतुक केले तरीही होत नव्हते. त्याने वस्तूकडे पाहिले, मग बाळाकडे पाहिले आणि त्याविषयी आनंदाने काही म्हटले, तेव्हाच त्यांना हवे ते मिळाले. हे पाहणे आपण मिळून केले आहे, एवढेच त्यांना हवे होते.

बोट येते कुठून, याचे एक जुने उत्तर लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचे आहे. बाळ हाती न लागणाऱ्या वस्तूकडे हात लांबवते, आई त्याचा अर्थ 'हवे आहे' असा लावून वस्तू देते, आणि फसलेल्या धडपडीची हळूहळू खूण बनते. 2019 मधील एका अभ्यासाने वेगळी शक्यता पुढे आणली. माणसे बोट दाखवताना ते अशा कोनात वळवतात, जणू दूरच्या वस्तूला टेकवतच आहेत. म्हणजे बोट दाखवणे हे घेण्यापेक्षा स्पर्शातून, चाचपून पाहण्यातून आले असावे. उगम कोणताही असो, समोरच्या माणसाने त्या बोटाला उत्तर दिले नाही, तर ती खूण फार काळ तग धरत नाही.

'हे सगळे आपणच कल्पितो' असे तर नाही?

हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण या क्षेत्रात अतिशयोक्ती झालेली आहे. अँड्र्यू मेल्टझॉफ आणि कीथ मूर यांनी 1977 मध्ये असे मांडले, की दोन-तीन आठवड्यांची बाळे मोठ्यांचे पाहून जीभ बाहेर काढतात. म्हणजे अनुकरणाची क्षमता जवळजवळ जन्मजात असावी. हा निष्कर्ष अनेक पाठ्यपुस्तकांत गेला. 2016 मध्ये 106 बाळांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात मात्र असे अनुकरण आढळले नाही. बाळे जीभ काढत होती, पण समोर काहीही दाखवले तरी काढत होती. वाद पूर्ण मिटलेला नाही, तरी एवढे स्पष्ट आहे की सुरुवातीच्या दिवसांतील प्रत्येक हालचालीत हेतू पाहणे बरोबर नाही.

तरीही मोठ्यांची ही कल्पना निरुपयोगी ठरत नाही. बाळाच्या ढेकरालाही 'पोट भरले वाटते!' असे उत्तर देणारे माणूस वस्तुतः त्याने न सांगितलेल्या गोष्टीला उत्तर देत असते. पण अशी हजारो उत्तरे मिळाल्यावरच बाळाला उमगते की आपल्या आवाजाने दुसऱ्याच्या मनात काहीतरी हलते. हेतू आधीच आहे असे धरून आपण वागतो आणि त्या वागण्याच्या आधाराने तो खरोखर आकार घेतो.

पडद्यावरून ऐकून मूल शिकणार नाही का?

पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 मध्ये याची चाचणी घेतली. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी मँडरिन चिनी बोलणाऱ्या व्यक्ती 12 सत्रांत खेळल्या आणि त्यांना गोष्टी वाचून दाखवल्या. या बाळांना त्या भाषेतील उच्चारांचे भेद ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाने त्याच व्यक्तींचे तेच बोलणे पडद्यावर पाहिले, आणि ही बाळे काहीही शिकली नाहीत. पडद्यावरचे माणूस बाळ कुठे पाहते आहे हे जाणत नाही आणि त्याच्या हुंकारासाठी थांबत नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. 2014 मधील एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले थेट व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली, पण तेच आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीवरून शिकली नाहीत. मुद्दा काचेचा नसून उत्तर मिळण्याचा आहे, याला त्यातून दुजोरा मिळतो. दूरच्या आजीआजोबांशी होणारे कॉल म्हणूनच वेगळ्या प्रकारात मोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना दोन वर्षांखालील मुलांना बसवून पडदा दाखवण्याची शिफारस करत नाहीत.

हाताच्या खुणा शिकवाव्यात का?

'अजून हवे', 'दूध', 'संपले' अशा ठरावीक खुणा ऐकू येणाऱ्या बाळांनाही शिकवण्याचे वर्ग अनेक देशांत चालतात आणि त्यामुळे मूल लवकर बोलते असे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये 40 बाळांवर केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक अभ्यासात भाषेच्या वाढीत असा फायदा दिसला नाही. खुणा शिकवण्याने अपाय नाही, आणि काही आया बाळाच्या संकेतांकडे अधिक लक्ष देऊ लागल्याचे त्याच अभ्यासात आढळले. पण वर्ग परवडला नाही म्हणून मूल मागे पडेल, अशी भीती कोणी बाळगू नये. मान हलवून 'नको' म्हणणे, दोन्ही हात वर करून 'उचल' सांगणे, हात हलवून निरोप घेणे या खुणा मुले वर्गाविना उचलतात.

बाळाशी लाडिक आवाजात बोलावे का, हा याच जातीचा प्रश्न. उंच सूर, ताणलेले स्वर आणि ठळक चढउतार असलेले बोलणे बाळांना अधिक आवडते, हे 67 प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दोन हजारांहून अधिक बाळांवर पडताळले आहे. पण ते अनिवार्य नाही. मेक्सिकोतील त्सेलताल माया समाजाच्या एका खेड्यात लहान मुलांशी थेट बोलणे तासाला सरासरी चार मिनिटांहूनही कमी आढळले, आणि तरी तेथील मुलांच्या बोलण्याचे टप्पे सर्वसाधारण वयातच आले. ती मुले सतत माणसांत असतात आणि चाललेले जगणे पाहत, ऐकत असतात.

कान किंवा डोळे साथ देत नसतील तर

ज्यांना ऐकू येत नाही अशी बाळेही हुंकार देतात, पण स्पष्ट अक्षरांची बडबड त्यांच्यात उशिरा येते. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी 1991 मध्ये दाखवले, की घरात सांकेतिक भाषा वापरली जात असेल तर अशी बाळे हातांनी बडबडतात. त्या भाषेतील हस्तमुद्रांचे तुकडे ती अर्थाविना, लयीत पुन्हा पुन्हा करतात. बडबड ही जिभेची मिरास नाही.

अंध बाळांविषयीचे सेल्मा फ्रायबर्ग यांचे काम मला या सगळ्या विषयातले सर्वांत हृद्य काम वाटते. या बाळांच्या आईवडिलांना पुष्कळदा वाटे, की मूल आपल्याला ओळखत नाही, त्याला कशातच रस नाही, कारण नजरेला नजर मिळत नसे आणि चेहऱ्यावर फारसे भाव दिसत नसत. फ्रायबर्ग यांनी त्यांना चेहऱ्याऐवजी हात पाहायला सांगितले. आईचा आवाज आला की बोटे हलत, हातातून खेळणे निसटले की हात ते शोधत, ओळखीच्या चेहऱ्यावरून बोटे हळुवार फिरत. मूल आधीपासूनच सांगत होते. पाहणारे दुसरीकडे पाहत होते.

तपासणी केव्हा करावी

मुलांच्या वाढीच्या वेगात मोठा फरक असतो, तरी काही बाबतींत वाट पाहू नये. जन्मजात श्रवणदोष दर हजारात साधारण एक ते तीन बाळांत आढळतो. पहिल्या महिन्याच्या आत कानांची चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचारांची किंवा मदतीची सुरुवात हे यासाठीचे मान्य वेळापत्रक आहे. बाळ बडबड करते म्हणजे त्याला ऐकू येते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. वर्षाच्या सुमारास मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बडबड करत नसेल, बोट दाखवणे, हात हलवणे अशी कोणतीच खूण करत नसेल किंवा आधी येणारे आवाज आणि खुणा थांबल्या असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. यातील एखादी गोष्ट उशिरा येणे म्हणजे आजार असे नाही. परंतु 'आमच्याकडे सगळीच उशिरा बोलली' असे म्हणून गेलेले महिने परत मिळत नाहीत.

शब्द येतात तेव्हा

पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो, पण तो आला म्हणून बोट निघून जात नाही. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मूल ज्या वस्तूंना आधी बोटाने दाखवत होते, त्यांतील बऱ्याच वस्तूंची नावे त्याच्या बोलण्यात पुढे आली. त्याहून लक्षवेधी होता तो मधला टप्पा. दोन शब्द जोडता येण्याआधी मुले एक शब्द आणि एक खूण जोडत होती. उदाहरणार्थ, बुटाकडे बोट दाखवायचे आणि तोंडाने 'बाबा' म्हणायचे. बूट बाबांचा आहे, हे पूर्ण वाक्य त्यात आहे. त्याचा अर्धा भाग बोटाने सांगितला आहे आणि अर्धा तोंडाने. ज्या मुलांनी अशी जोडणी लवकर सुरू केली, त्यांनीच पुढे 'बाबा बूट' असे दोन शब्द लवकर जोडले.